महाराजांचा कूलर

"पेटली! अगं बाई, पेटली!"

चारकोपच्या सेक्टरमधल्या मैदानात मांडव घातला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका चवड्यांवर उभ्या राहून बघत होत्या. पुरुषांनी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. समोर लाकडी चौथऱ्यावर, लाल मखमलीवर, तेजनाथ महाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या शुभाच्या हातात एक लांबलचक ट्यूबलाइट पेटली होती. नुसती हातात! ना वायर, ना चोक, ना स्टार्टर. पोरीचा चेहरा त्या पांढऱ्या उजेडात भुतासारखा दिसत होता आणि तिची आई सुगंधा दोन्ही हात जोडून घळाघळा रडत होती.

"ट्रॉम्बेला अणू फोडतात, बाळांनो!" महाराजांचा आवाज भोंग्यातून घुमला. "त्यांना केवढाली यंत्रं लागतात! आम्ही इथं रोग फोडतो. आणि आमचं यंत्र कुठलं? हा देह! ह्या मुलीच्या रक्तातली साखर आता वितळते आहे. वितळून तिचा प्रकाश होतो आहे. बघा!"

साखर वितळून प्रकाश! कोपऱ्यावरचा चहावाला जन्मभर साखर वितळवत आला, त्याच्या टपरीत कधी एवढंसं तेज पडलं नाही. पण मांडवात टाळ्या थांबेनात. महाराजांच्या उजव्या हाताला बसलेला त्यांचा शिष्य चंद्रप्रकाश जोरजोरात झांजा वाजवत होता.

"पुढच्या गुरुवारी सुई वाहायची," महाराज म्हणाले. "काचेची पिचकारी, औषधाच्या बाटल्या, सगळं लाल कापडात बांधायचं आणि नारळासकट आमच्या पायाशी ठेवायचं. आम्ही स्वतः ते खाडीत सोडू. तोवर रोज सकाळी ह्या पेढ्यांच्या प्रसादातला एक पेढा द्यायचा. आणि तपासणी करायची नाही हं! तपासणी म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे विष."

मांडवाच्या कडेला, खांद्यावर ऑफिसची पिशवी तशीच लटकलेली, शुभाची आत्या उत्तरा उभी होती. शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुभाला लहानपणीचा मधुमेह होता. रोज इन्शुलिन टोचल्याशिवाय तिचं शरीर चालतच नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हे नुसतं औषध नाही, हा तिचा श्वास समजा. बंद केलंत तर काही दिवसांत पोर हातची जाईल. आणि हा मखमलीवरचा बोका ती सुई खाडीत सोडायला निघाला होता!

उत्तरा अंधेरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. बोटींवरचे आणि पोलिसांचे वायरलेस सेट तिथे बनत आणि एकूण एक सेट तिच्या टेस्टिंग विभागातून बाहेर पडे. सेट लहरी सोडतो की नाही, किती सोडतो, कुठल्या फ्रीक्वेन्सीला सोडतो, हे दिवसभर मोजत बसायचं हेच तिचं काम. मोठा सेट चालू केला, की टेबलावरची फ्यूज गेलेली ट्यूब आपोआप पेटायची. नव्या पोरांना घाबरवायला तिथले लोक मुद्दाम ती एरियलजवळ धरायचे. त्यामुळे शुभाच्या हातातली ट्यूब बघून तिला आश्चर्य असं वाटलंच नाही. तिला फक्त संताप आला.

"महाराज!" ती ओरडली. "तुमच्या चौथऱ्याखाली काय आहे?"

सगळ्या माना वळल्या. चंद्रप्रकाशच्या झांजा थांबल्या. मग तोच गोड हसून म्हणाला, "ताई, चौथऱ्याखाली धरणीमाता आहे!"

सगळा मांडव खो खो हसला.

"शिकलेली दिसते," महाराज डोळे न उघडताच बोलले. "शिकलेल्यांना तेज दिसत नाही, बाळांनो. त्यांना लाइटचं बिल दिसतं."

पुन्हा हशा. कुणीतरी उत्तराला कोपरानं मागे ढकललं, "ए बाई, घरी जा ना, कशाला खिटखिट करते!" आणि पुढच्या लोकांनी तिच्यासमोर पाठी केल्या.

घरी आल्यावर जुंपली. शुभाचा बाप, म्हणजे उत्तराचा मोठा भाऊ बाळा कांदळगावकर, संपात गिरणी गेल्यापासून वायरिंगची कामं करायचा आणि सोसायटीच्या मीटरचीही देखभाल बघायचा. तो खाली मान घालून बसला होता. बोलत होती ती सुगंधा.

"तू सकाळी डबा घेऊन जातेस, उत्तरा. पिचकारी उकळवते कोण? मी. पोरीला दाबून धरते कोण? मी. तिच्या मांड्या बघितल्यास? टोचून टोचून दगड झाल्यात. रोज ती माझ्याकडे बघते ना, असं बघते की मी कसाई आहे." सुगंधानं हातातलं भांडं आपटलं. "कुणी एक माणूस म्हणाला, बास झालं, सुई नको. माझा विश्वास बसणार नाही तर काय होईल?"

"वहिनी, तो लुच्चा आहे."

"लुच्चा असता तर ऊब कशी लागली असती? मी हात पुढे केला होता. हाडापर्यंत ऊब गेली गं! खोटं बोलतेय मी?"

"नाही. ऊब खरी आहे," उत्तरा म्हणाली. "ट्यूबही खरी पेटते. एक तो माणूस तेवढा खोटा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे एक मशीन आहे. त्यातून रेडिओच्या लहरी निघतात. दिसत नाहीत, पण त्या जोरदार असल्या की जवळची ट्यूब पेटते आणि अंगाला शेक लागतो. वहिनी, मला एक सांग. निळी नळी केलीस का आज?"

सुगंधानं तोंड फिरवलं. निळी नळी म्हणजे घरातली रोजची तपासणी. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात शुभाच्या लघवीचे थेंब, आणि मग नळी स्टोव्हवर गरम करायची. निळं राहिलं तर छान. हिरवं झालं तर जरा जपून. विटकरी झालं की साखर भरमसाट. हे काम सुगंधा न चुकता करायची. आता नळी फळीवर पालथी पडली होती.

"त्यांनी नको सांगितलंय," ती पुटपुटली.

"का नको? रोग पळाला असेल तर नळी निळी राहील ना? मग त्याचाच जयजयकार होईल की! त्याला तपासणीची भीती कसली वाटते?"

"आत्या," आतून शुभा आली. तिचे डोळे भरलेले होते. "तू महाराजांना काही बोलू नकोस ना. मला सुई नकोय." उत्तरानं तिचे डोळे पुसले. त्या माणसानं ह्या एवढ्याशा पोरीला आशा दाखवली होती, तीसुद्धा खोटी, ह्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

उत्तरा बाहेर ओट्यावर येऊन बसली, तर शेजारच्या नलिनीकाकू भांडी घासत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंतीला भिंत लागून असलेली बैठी घरं ती, न ऐकून सांगतात कुणाला! नलिनीकाकूंचे यजमान गुणाजीकाका ब्लडप्रेशरचे पेशंट. त्यांच्याही हातात ट्यूब पेटली होती. त्यांनीही गोळ्या लाल कापडात बांधून वाहिल्या. महिनाभरात त्यांचं एक अंग लुळं पडलं, आणि तेव्हापासून ते खाटेवर पडून टीव्ही बघायचे.

"मी इचारूक गेल्लंय गे," काकू हळूच म्हणाल्या. "तर माका म्हणतत, 'तुझो विश्वास कमी पडलो, म्हणान घोवाची अशी गत झाली.' माझो! मी उपास धरलंय, अनवाणी चललंय. आता आणखी काय करूचा होता मी?" आणि त्यांनी तवा असा घासला की त्याला भोक पडावं.

काय कमाल आहे बघा! माणूस बरा झाला तर महाराजांचं तेज, आणि आडवा पडला तर बायकोचा विश्वास कमी. पटावर दोन्ही बाजूंनी आपलीच सोंगटी पुढे!

"काकू, दर गुरुवारी महाराज बसतात तेव्हा तुमच्या टीव्हीवर काही होतं का?"

"होता तर! गाण्यांचो कार्यक्रम लागता, आणि रेघोच रेघो. आडव्यो, तिरप्यो. हे खाटेवरून बोंबलतत. लोक म्हणतत, महाराज बसले की टीव्हीपण थरथरता."

बाळा दारात येऊन उभा होता. उत्तरानं मागे वळून विचारलं, "दादा, मांडवाची लाइन तूच ओढलीस ना?"

"सेवा म्हणून ओढली. सोसायटीच्या मीटरवरून."

"दोन बल्ब आणि एक भोंगा. एवढंच?"

बाळा जरा घुटमळला. "नाही. चंद्रप्रकाशनं एक वेगळी जाड लाइन मागितली. चौथऱ्यापर्यंत. महाराजांना कूलर लागतो म्हणाला."

"कूलर कुठाय?"

बाळानं मैदानाकडे पाहिलं. उभी हयात ज्यानं वायरी ओढल्या, त्या माणसाला आपणच ओढलेल्या वायरीच्या टोकाला काय आहे हे बघायचं सुचलं नव्हतं. श्रद्धा म्हटली की आपले लोक चपला बाहेर काढतात ते ठीक, पण तिच्याबरोबर डोकंही बाहेर काढून ठेवतात!

"त्या लाइनचा फ्यूज उडतो मधूनमधून," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तार बारीक आहे."

"दादा, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," उत्तरा म्हणाली. "त्याच्यावरही ठेवू नकोस. मोज. गुरुवारी तू मीटरच्या खोलीत उभा राहा. त्या कूलरच्या लाइनचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज तुझ्या मनाला येईल तेव्हा काढ, मनाला येईल तेव्हा लाव. मला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. तिथून मांडव दिसत नाही, म्हणजे तुला ट्यूब दिसणार नाही आणि आम्हाला तू दिसणार नाहीस. काकू खिडकीत उभ्या राहतील आणि टीव्हीवर रेघा आल्या-गेल्या की ओरडतील. अँटेना फिरवताना ओरडतो ना आपण, तसंच."

"आणि फ्यूज काढूनही ट्यूब पेटली तर?" सुगंधानं आतून विचारलं.

"तर मी महाराजांच्या पायावर डोकं ठेवीन आणि शुभाची पिचकारी माझ्या हातानं खाडीत टाकीन. पण नाही पेटली, तर ते लाल कापड तू तिथे सोडायचं. कबूल?"

आत स्टोव्ह बंद झाला. मग सुगंधा म्हणाली, "कबूल."

कारखान्यात उत्तराच्या साहेबांची एक सक्त ताकीद होती. मीटर वाचणाऱ्याला सेट चालू आहे की बंद ते कळता कामा नये, कारण माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. चाचणी आंधळी पाहिजे, असं ते म्हणायचे. ह्या चाचणीत तर महाराज आंधळे, उत्तरा आंधळी आणि अख्खा मांडव आंधळा. त्यातला मांडव आधीपासूनच होता म्हणा.

गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. मधुमेहाची मुलगी सुई वाहणार म्हणून कांदिवलीहून, मालाडहून माणसं आली होती. पहिल्या रांगेत सुगंधा बसली. मांडीवर लाल कापडाचं गाठोडं, त्यात काचेची पिचकारी, इन्शुलिनच्या बाटल्या. शेजारी शुभा, केसांत अबोलीचा गजरा. उत्तरा अगदी चौथऱ्याला खेटून उभी राहिली. तिच्या हातात एक झाडू होता आणि झाडूला सुतळीनं बांधलेली, दोन्ही टोकं काळी पडलेली, कचऱ्यातून उचललेली ट्यूब.

"हे काय?" चंद्रप्रकाशनं डोळे वटारले.

"सेवा," उत्तरा म्हणाली. "मांडव झाडायला."

महाराजांनी डोळे मिटले. "ॐ तेजः!" भोंगा गरजला, झांजा वाजल्या, शुभाच्या हातातली ट्यूब लख्ख पेटली.

"रेघो इल्यो!" पलीकडच्या खिडकीतून नलिनीकाकूंची आरोळी आली.

आणि झाडूला बांधलेली ती मेलेली ट्यूबही पेटली. पुढच्या रांगेतल्या बायका बघतच राहिल्या. "अगं, झाडूला पण तेज आलं!" कुणीतरी फिस्सकन हसलं.

"झाडूचा कुठला रोग पळाला, महाराज?" उत्तरानं विचारलं.

"निर्जीवातही चैतन्य आहे!" महाराज डोळे मिटूनच म्हणाले. पट्टीचा होता गडी, अडखळला नाही. "आता रोगाचा शेवटचा अंश बाहेर पडतो आहे. बघा, प्रकाश वाढतो आहे! बघा!"

"रेघो गेल्यो!" काकू ओरडल्या.

ट्यूब विझली. शुभाच्या हातातली विझली, झाडूवरचीही विझली. बल्ब चालू होते, भोंगा चालू होता, आणि डोळे मिटलेल्या महाराजांना कशाचाच पत्ता नव्हता.

"पाहिलंत हे तेज? डोळे दिपले ना? सूर्य, प्रत्यक्ष सूर्य उतरलाय ह्या कन्येच्या हातात!"

शुभा हातातल्या काळोख्या ट्यूबकडे बघत होती. चंद्रप्रकाश मोठ्यानं खाकरला. पुन्हा खाकरला. मखमलीखाली त्याचा पाय काहीतरी जोरजोरात दाबत होता, ते आता पहिल्या चार रांगांना दिसलं.

"अहो महाराज," मागून एक म्हातारा म्हणाला, "विझलाय की सूर्य!"

महाराजांनी एक डोळा उघडला. तेव्हा कुठे तोंडचं पाणी पळालं. पण वर्षानुवर्षांची सवय ती, जीभ आपोआप चालली: "कुणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे! ह्या मुलीच्या आईचा!"

सुगंधानं मान वर केली. एवढा वेळ ती गाठोड्याला छातीशी धरून बसली होती. ती उठली आणि चौथऱ्याच्या पायरीपाशी गेली.

"माझा?" ती म्हणाली. "आत्ता सूर्य उतरलाय म्हणालात. तेव्हा होता माझा विश्वास?"

"रेघो इल्यो! इल्यो गे!"

ट्यूब पुन्हा पेटली, झाडूसकट. महाराज घाईघाईनं "ॐ तेजः!" म्हणाले, आणि ते म्हणून होईपर्यंत काकूंनी "गेल्यो!" म्हटलं. मग इल्यो, मग गेल्यो. ट्यूब एकदाही महाराजांच्या मंत्राचं ऐकेना. ती ऐकत होती मीटरच्या खोलीतल्या बाळाचं, आणि बाळा तर त्यांना बघतही नव्हता. मांडवात पहिल्यांदा कुजबुज झाली, मग हशा, मग हशाचा सूर बदलला.

"लाइनला जोडलेलं आहे काहीतरी!" उत्तरा भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "हाच ह्यांचा कूलर! कुणी हात लावू नका, आत वीज आहे. दादा, फ्यूज काढून खिशात ठेव आणि इकडे ये!"

निरोप तोंडातोंडी मीटरच्या खोलीपर्यंत गेला. बाळा आला. त्याच्या मुठीत चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता. त्यानं महाराजांकडे पाहिलंही नाही. आपणच ओढलेली जाड वायर चाचपत तो चौथऱ्यापर्यंत आला आणि मखमलीचं टोक धरून त्यानं ती खसकन ओढली. महाराज एका कुशीवर कलंडले. फळ्यांखाली कपाटाएवढं एक जुनं, रंग उडालेलं यंत्र होतं. त्याला वायरींनी जोडलेल्या शेकाच्या दोन जाड गाद्या मखमलीखाली सरकवलेल्या, आणि पायानं दाबायचं बटण बरोबर चंद्रप्रकाशच्या टाचेखाली.

गर्दीतून वाट काढत नलिनीकाकू पुढे आल्या. हाताला अजून राख होती. त्यांनी यंत्राकडे निरखून पाहिलं.

"अगो, ह्या तर शेकाचा मशीन! माझ्या खांद्याक हॉस्पिटलात लावत ता!"

"तेच आहे," उत्तरा म्हणाली. "भंगारात निघालेलं. ह्याच लहरींनी शेक लागतो, ह्याच लहरींनी ट्यूब पेटते, आणि त्याच काकूंच्या अँटेनात शिरून टीव्हीवर रेघा मारतात. ह्यानं गुडघा थोडा वेळ शेकतो. ह्यानं ना ब्लडप्रेशर उतरतं, ना मधुमेह जातो."

नलिनीकाकू महाराजांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. लहानखुऱ्या बाई त्या, पण मांडव मागे सरकला.

"माझो विश्वास कमी पडलो नाय रे, मेल्या!" त्यांनी राखेचं बोट महाराजांवर रोखलं. "तुझो फ्यूज उडलेलो! आणि माझो घोव थंय खाटेर पडलेलो हा. तेचो हात दी माका परत. दी!"

महाराजांना पोलीस घेऊन गेले. लोक त्यांना तिथेच तुडवायला निघाले होते, तर उत्तरा आणि बाळानंच ते आवरलं. आणि ऐका, एवढं होऊनही दोन-चार जण जीपपर्यंत गेले आणि वाकून पाया पडून आले! एक जण म्हणाला, "मशीन असेल हो, पण महाराजांचा हात लागल्याशिवाय ते चालेल का?" अशा माणसापुढे काय बोलावं? उत्तरानं झाडू त्याच्या हातात दिला आणि ती घरी गेली.

घरात सुगंधानं लाल कापड सोडलं होतं. पिचकारी पातेल्यात उकळत होती. स्टोव्हच्या दुसऱ्या बाजूला चिमट्यात धरलेली काचेची नळी. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं. आणि मग तळापासून वर, गढूळ, विटकरी. रोजच्या प्रसादाच्या पेढ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

सुगंधा त्या रंगाकडे बघत राहिली. इन्शुलिन चालू असताना हे. आजपासून ते बंद होणार होतं.

"म्हणजे आता रोज सुई?" शुभानं दारातून विचारलं. गजरा तिनं काढून हातात घेतला होता. "कायम?"

कुणीतरी खोटं बोलावं असं त्या क्षणी सुगंधा, उत्तरा आणि बाळा, तिघांनाही वाटलं. खोटं किती सोपं असतं! त्यावर तर त्या बोक्याचा मांडव उभा होता.

"हो," सुगंधा म्हणाली. "रोज. मलाही रडू येतं, तुलाही येईल. पण तू असशील." तिनं पोरीला मांडीवर ओढलं आणि पिचकारी भरली.

दिवाळी झाल्यावर पुढच्या गल्लीतली एक बाई विचारायला आली, मढला म्हणे एक नवे बाबा आलेत, पाण्यावर फुंकर मारून साखर काढतात, येतेस का सुगंधा? सुगंधा तेव्हा नळी धुवत होती. ती बाई बिचारी नवऱ्याच्या मधुमेहानं गांजलेली, तिच्यावर चिडून कसं चालेल?

"तू जा," सुगंधा म्हणाली. "पण जायच्या आधी नळी कर आणि आल्यावर नळी कर. ही घे, माझी ने. बाबाला सांग, मी तपासणार आहे. 'तपास' म्हणाला तर पुढे बोल. 'तपासू नकोस' म्हणाला, तर चपला घाल आणि सरळ डॉक्टरकडे जा."